गिधाडं हाकलली तो दिवस

मी ढोरांचा डॉक्टर होतो. सरकारी कागदावर आमच्या पदाचं नाव चांगलं लांबलचक असतं. पण चांदूर बाजार तालुक्यातल्या ज्या खेड्यांत माझी निम्मी नोकरी झाली, तिथे 'ढोराचा डाक्टर आला' यापलीकडे मला कुणी ओळखलं नाही. लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी चारचौघांत 'जावई डॉक्टर आहेत' असं मोघम सांगून ठेवलं होतं. पंगतीत शेजारच्या पाहुण्यांनी माझ्यापुढे मनगट धरलं आणि नाडी पाहा म्हणाले. मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी हात हळूच मागे घेतला आणि पुरणपोळीकडे लक्ष वळवलं.

आता निवृत्त होऊन अमरावतीत राहतो. या दिवाळी अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा घरात प्रत्येकाने विषय सुचवला. अडलेल्या गाई सोडवल्या ते लिहा, पोटफुगीच्या म्हशीचं लिहा, लम्पीच्या साथीत निवृत्त असून गावोगाव फिरलात ते लिहा. बायको म्हणाली, "ते गिधाडांचंच लिहिणार." तिने मला ओळखलं आहे.

गिधाडाची आठवण यावी असं त्यात काही नसतं, हे मलाही कळतं. मान उघडी, पिसं मळकी, जवळ गेलं की वास. पण माझ्या दवाखान्याच्या मागच्या खिडकीतून नाल्याकाठची आंब्याची आणि अर्जुनाची उंच झाडं दिसत, आणि सकाळी त्यांच्या शेंड्यांवर ही मंडळी पंख पसरून ऊन खात बसलेली असत. ऊन तापलं की एकेक उठायचं, पंख न हलवता गोल गोल वर जायचं, आणि मग थेट गाविलगडच्या डोंगरापर्यंतचं आभाळ त्यांचं. सलाईनची बाटली हातात धरून मी कितीदा त्या खिडकीत उभा राहिलो असेन. समोरचा शेतकरी खाकरायचा तेव्हा भानावर यायचो.

झाडांखाली पडीत होती. गावातलं मेलेलं जनावर तिथे नेऊन टाकायचे. त्या पडितीवरचा माणूस म्हणजे शब्बीरभाई. घर परतवाड्याला, धंदा कातड्यांचा आणि हाडांचा, बापाच्या वेळेपासूनचा. जनावर मेल्याचा निरोप गेला की ते यायचे, सफाईने कातडं उतरवायचे आणि बाजूला बसून बिडी पेटवायचे. मग पक्षी उतरायचे. चहा पिऊन परत यावं तोवर बैलाचा नुसता सांगाडा उरलेला असायचा, धुऊन ठेवल्यासारखा. ती हाडं वाळली की शब्बीरभाई पोत्यांत भरून कारखान्याला द्यायचे. गावात ना वास, ना माशा.

"हे सारे माहे नोकर हायेत," ते झाडांकडे हात करून सांगायचे. "पगार मांगत नाही का सुट्टी मांगत नाही."

"आन् मी?" मी एकदा विचारलं.

"तुमी माह्या धंद्याचे दुश्मन, डाक्टरसाब. ढोर मराले लागलं का तुमी येऊन त्याले उभं करता."

अशी आमची मैत्री. जनावर कशाने मेलं हे पाहायला मला ते उघडावं लागे, तेव्हा सुरी त्यांची असायची. कोणतं उघडायचं नाही, ते मी सांगायचो.

मी नोकरीला लागलो तेव्हा लंगडणाऱ्या बैलाला गावात तापल्या सळईने डाग देत. माझ्या बॅगेत तरी काय होतं? मलम होतं आणि गरम पाण्याने शेका हा सल्ला होता. मग ते इंजेक्शन आलं, डायक्लोफेनॅक. लोक त्याला 'दुखण्याची सुई' म्हणू लागले. स्वस्त औषध, आणि गुण असा की सकाळी टोचलेला बैल संध्याकाळी गव्हाणीत तोंड घालायचा. पेरणीच्या दिवसांत बैल दोन दिवस बसला तर काय होतं ते खेड्यात राहिलेल्यांना सांगायला नको. त्या सुईने मला तालुक्यात नाव मिळवून दिलं.

एक म्हातारे गृहस्थ बैल घेऊन आले होते. बैलाला टोचून झाल्यावर त्यांनी आपली बाही वर केली.

"उरली असन त मले बी टोचून द्या, डाक्टर. त्याचा पाय दुखून राह्यला, माही कंबर."

"बाबा, मी ढोरांचा डॉक्टर आहे."

"त मी कोनता मानूस राह्यलो? सारी उमर बैलाच्या मांगं चालून राह्यलो."

मी काही टोचलं नाही. ते चांदूरच्या मेडिकलमधून त्याच औषधाच्या गोळ्या घेऊन गेले. माणसाला आणि बैलाला औषध एकच होतं, फक्त बाटली वेगळी. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

पक्षी कधी कमी होऊ लागले ते नेमकं सांगता येत नाही. आधी झाडावर काही पक्षी मान खाली लोंबकळत टाकून बसलेले दिसू लागले, दिवसभर तसेच. मग झाडाखाली पडलेले सापडू लागले. एक दिवस शब्बीरभाईंनी पोत्यातून एक पक्षी माझ्या टेबलावर आणून ठेवला.

"डाक्टरसाब, याले काय झालं पाहा. कालपर्यंत चांगला होता."

मी उघडून पाहिला. काळजावर, मूत्रपिंडांवर, आतड्यांवर चुना फासल्यासारखा पांढरा थर. मी असं कधी पाहिलं नव्हतं. अकोल्याला ज्यांच्याकडे शिकलो त्या सरांना नेऊन दाखवलं. ते म्हणाले, कोंबड्यांत असं होतं, मूत्रपिंड निकामी झालं की. गिधाडात का झालं, ते त्यांनाही सांगता येईना. गावात कुणी म्हणे रोग आला, कुणी म्हणे शेतातल्या फवारणीचं विष, कुणी म्हणे हे पक्षी अशुभ, गेले ते बरं झालं. झाडं एकेक फांदीने रिकामी होत गेली आणि आम्ही खालून पाहत राहिलो.

उत्तर बऱ्याच उशिरा आलं. संशोधकांनी शोधून काढलं ते आम्हाला एका बैठकीत सांगण्यात आलं. जे औषध बैलाला सहज पचतं ते या गिधाडांच्या मूत्रपिंडाला मुळीच सोसत नाही. सुई दिलेलं जनावर दोन-तीन दिवसांत मेलं, तर औषध त्याच्या मांसात राहतं. कावळ्याला त्याचं काही होत नाही, कुत्र्याला होत नाही. गिधाडं मात्र अख्ख्या थव्याने एका जनावरावर उतरतात, त्यामुळे असं एक जनावरही पुरतं. औषध तपासून बाजारात आलं होतं, पण बैलाला चालतं की नाही एवढंच तपासलं होतं. बैल मेल्यावर त्याला खाणाऱ्याचं काय, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

दोन हजार सहा साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. मी कपाट रिकामं केलं. त्याच्या जागी दुसरी सुई आली, ती गिधाडांना सोसते. बैलालाही गुण येतो, जरा दमाने.

शब्बीरभाईंना मी पडितीवर जाऊन हे सगळं सांगितलं.

"म्हंजे बैलाच्या पोटातून त्यायले जहर जात होतं," ते म्हणाले. "आन् मी खाल काढून त्यायच्या समोर वाढून देत होतो."

"टोचत तर मी होतो, शब्बीरभाई."

"तुमाले कोनं सांगतलं होतं? मले कोनं सांगतलं होतं?" एवढं बोलून ते झाडाकडे पाहत राहिले. तेव्हा आंब्याच्या एका फांदीवर मावतील इतकेच पक्षी उरले होते.

बंदी आली म्हणून औषध गेलं नाही. जनावरांची बाटली बंद झाली, माणसांची चालू राहिली. मेडिकलमध्ये माणसांचं तेच इंजेक्शन मोठ्या बाटलीत मिळायचं, एका बाटलीत एका बैलाचं काम भागेल एवढं. गावोगाव बॅग घेऊन फिरणारे खासगी टोचणारे असायचे, त्यांना ती सोपी पडे. मी प्रत्येक गोठ्यात सांगत फिरायचो. लोक मान डोलवायचे आणि गुणाची सुई कोणती हे लक्षात ठेवायचे.

दवाखान्याच्याच गावात पुंडलिकभाऊ म्हणून संत्र्याचे बागायतदार होते. माणूस तापट, पण बैलांवर जीव. त्यांचा पाखऱ्या म्हणजे गौळाऊ जातीचा पांढरा बैल, तान्ह्या वासरापासून घरी वाढवलेला. एका उन्हाळ्यात तो चारा सोडून बसला. घाईघाईत त्यांनी खासगी टोचणाऱ्याला बोलावलं. सुई दिली की पाखऱ्या संध्याकाळी थोडं खायचा, म्हणून घरच्यांना वाटलं सुधारतोय. उठेनासा झाला तेव्हा मला निरोप आला.

गळ्याखाली सूज होती आणि छातीवर कान ठेवला तर काळीज पाण्यात बुडाल्यासारखं वाजत होतं. वैरणीबरोबर त्याने तार गिळली असणार. अशी तार पोटातून पुढे काळजाकडे सरकत जाते. दुखणं सुईने दबलं, तार आपलं काम करत राहिली. आता माझ्या हातात काही नव्हतं. गोठ्याच्या कोनाड्यात त्या रिकाम्या बाटल्या होत्या.

"पुंडलिकभाऊ, हे औषध जनावराले बंद आहे."

"मानसाची आहे. मानसाले चालते त बैलाले काहून नाही चालत?"

मी गिधाडांचं सांगितलं. आणि तिथेच माझं चुकलं, कारण त्याच दमात म्हणालो, "हा गेला तर उघड्यावर टाकू नका, पुरा."

ते ताडकन उठले. "जित्या बैलासमोर मातीची गोष्ट काहून करून राह्यले तुमी? तुमाले माह्या बैलाची पडली का त्या पाखराची?"

मी बॅग उचलून निघालो. त्यांची बायको दारात डोळ्यांना पदर लावून उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडला आणि खिडकीतून पाहिलं तर पुंडलिकभाऊंचा ट्रॅक्टर पडितीवरून परत फिरत होता. पांढरा पाखऱ्या झाडांखाली पडलेला होता. पक्षी शेंड्यावर पंख पसरून बसले होते, ऊन अजून चढलं नव्हतं. मी तसाच धावत सुटलो. शब्बीरभाई येऊन पोचले होते, दगडावर सुरी लावत होते.

"शब्बीरभाई, सुरी टेकवू नका!"

"काहून? फाशी हाये काय?" फाशी हा जनावराचा एक रोग. त्यात मेलेलं जनावर कधीच उघडत नाहीत.

"फाशी नाही. सुई आहे याच्या अंगात. कालपर्यंत टोचून राह्यले होते."

त्यांनी झाडाकडे पाहिलं आणि सुरी फडक्यात गुंडाळली. मी म्हणालो, घाईने कातडं काढून घ्या आणि मग पुरू, तुमचं नुकसान नको. त्यांनी मान हलवली.

"खाल उतरली का ते खाली येतेच. राहू द्या अंगावर. तेच झाकन हाये त्याचं."

खरं होतं ते. कातडं शाबूत असलं की गिधाडाला बैल फोडायला वेळ लागतो. तेवढाच वेळ आमच्या हातात होता. मी दवाखान्यातल्या शिपायाला पुंडलिकभाऊंकडे पिटाळलं. ते भांडायच्या तयारीनेच आले. मी तोंड उघडण्याआधी शब्बीरभाई पुढे झाले.

"भाऊ, घरच्यावानी वाढवला तुमी याले. आमच्यावानी कातडेवाल्याच्या हाती काहून देता? मातीत ठेवा."

पुंडलिकभाऊ पाखऱ्याकडे पाहत उभे राहिले. मग वळले. मला वाटलं गेले. पण थोड्या वेळात सब्बल, कुदळी, फावडी आणि मळ्यावरची माणसं घेऊन परत आले आणि पहिली सब्बल त्यांनीच मारली.

उन्हाळ्यातली काळी जमीन कशी असते ते आमच्याकडच्यांना ठाऊक आहे. वर हात जाईल अशा भेगा, आणि खाली दगड. खड्डा भराभर होईना. इकडे ऊन चढलं आणि पक्षी उठले. आधी डोक्यावर घिरट्या, मग एकेक करत पडितीवर उतरले आणि उड्या मारत जवळ सरकू लागले. कित्येक दिवसांचे भुकेले असावेत. मी रॉकेलचा रिकामा पिपा बडवत एका बाजूला, शब्बीरभाई ढेकळं घेऊन दुसऱ्या बाजूला. हाकलले की थोडे मागे जायचे, पुन्हा यायचे. ज्यांच्यासाठी मी वर्षानुवर्षं खिडकीत उभा राहिलो, त्यांच्या अंगावर मी त्या दिवशी गमछा फिरवत, घसा फाटेपर्यंत ओरडत धावत होतो.

एक पक्षी हटेना. म्हातारा असावा. शब्बीरभाईंचं ढेकूळ त्याच्या पंखाला लागलं, तो दोन पावलं मागे सरला आणि तिथेच उभा राहिला. शब्बीरभाई हातातली ढेकळं टाकून खाली बसले.

"माह्यानं नाही होत, डाक्टरसाब. माह्या बापानं यायले कधी खडा मारला नाही."

मग मी ढेकूळ उचललं. मारलं. तो उडाला. शब्बीरभाई उठले आणि माझ्याबरोबर पुन्हा ओरडू लागले, "जा रे बाबा, जा! नको खाऊ, जा!"

दुपार कलल्यावर पाखऱ्या खड्ड्यात गेला. वर दवाखान्यातला चुना टाकला, माती लोटली, बाभळीचे काटे रचले. पुंडलिकभाऊंनी मातीवर हात ठेवला आणि तसेच घरी गेले. पक्षी तोवर खूप वर गेले होते. थोडा वेळ फिरले आणि डोंगराकडे सरकत गेले.

"जाऊ द्या," शब्बीरभाई म्हणाले. "भुके गेले, पन जिते गेले."

दुसऱ्या दिवशी झाड रिकामं होतं. तिसऱ्या दिवशीही. शब्बीरभाई रोज सकाळी परतवाड्याहून यायचे, खाली उभे राहून वर पाहायचे. पुढे एका गावात एक म्हातारी म्हैस औषधाचा थेंबही न घेता मेली. मला दोनदा विचारून त्यांनी खात्री करून घेतली, ती पदरच्या खर्चाने पडितीवर आणली, कातडं उतरवलं आणि बिडी पेटवून बसले. मी दवाखाना बंद करून त्यांच्याजवळ जाऊन बसलो. संध्याकाळपर्यंत कुत्री आली, कावळे आले. गिधाड आलं नाही. कधीच आलं नाही. आमच्या ओरडण्याने ती गेली, की दुसऱ्या कुठल्या गावच्या पडितीवर त्यांना असाच एखादा पाखऱ्या भेटला, मला माहीत नाही. आजही झोपेतून जाग येते तेव्हा हाच प्रश्न पुढे असतो.

पडितीवर कुत्र्यांचे कळप झाले. वास गावात शिरू लागला. कुत्रा चावून पिसाळलेली एक म्हैस माझ्यासमोर मेली, तिचं दूध प्यायलेलं घर रांगेत लसी घेत उभं राहिलं. शब्बीरभाईंनी धंदा सोडला आणि परतवाड्यात भंगाराचं दुकान टाकलं. "लोखंड सडत नाही," म्हणायचे. आणखी काही वर्षांनी सरकारने ती मोठी बाटली बंद केली. आता माणसांचं हे इंजेक्शन एका माणसाच्या एका मात्रेएवढंच येतं. एका बैलासाठी तेवढ्या कुप्या फोडत बसणं कुणाला परवडत नाही. फार साधी, फार हुशार तोड. अलीकडे त्याच जातीच्या आणखी काही औषधांवर जनावरांसाठी बंदी आली. नियम एकेक करत चांगले झाले. मी ते वाचतो, बरं वाटतं, आणि मग खिडकी आठवते.

गेल्या उन्हाळ्यात पुंडलिकभाऊंच्या मुलाचा, अमोलचा फोन आला. पुंडलिकभाऊ आता नाहीत, पण पोराने माझा नंबर ठेवला आहे.

"काका, आमच्या धुऱ्यावर एक लय मोठं पाखरू येऊन बसलं. पाठीवर मशीन आहे, पायात नंबर. पोट्टे म्हनून राह्यले, कोन्या देशानं टेहळनीले पाठवलं. कोनी गरुड म्हनून राह्यलं."

"मान कशी आहे त्याची?"

"उघडी. लांब."

मेळघाटात बाहेरून आणलेली गिधाडं, माग काढायचं यंत्र पाठीवर बांधून, सोडल्याचं वाचलं होतं. अमोलला म्हटलं, जंगल खात्याला कळव, पोरांना लांब ठेव, एका घमेल्यात पाणी ठेवून बाजूला हो. गाडी काढली आणि आधी परतवाड्याला गेलो. आडवाट पडत होती, पण त्यांच्याशिवाय जाणं मला जमलं नसतं. शब्बीरभाईंचे डोळे आता गेल्यातच जमा आहेत. मी काय ते सांगितल्यावर सुनेला म्हणाले, "चप्पल दे," आणि गाडीत येऊन बसले.

वनरक्षक आधीच आला होता. कुणाला जवळ जाऊ देत नव्हता. पक्षी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसला होता. आमच्या झाडांवरच्यांची पाठ पांढरी असायची. हा तो नव्हता. हा लांब चोचीचा, डोंगरकड्यांत राहणारा. पण गिधाड होतं. इतक्या वर्षांनी, जिवंत, आमच्या मातीवर.

"मले सांगा," शब्बीरभाई माझा दंड धरून म्हणाले.

मी सांगत गेलो. मान ताठ आहे. घमेल्यातलं पाणी प्यायलाय. आता पंख सोडून बसलाय. ते प्रत्येक वाक्याला "हां, हां" म्हणत होते.

अमोलने विचारलं, "काका, हे खाते काय?"

"मेलेली ढोरं."

त्याने आजूबाजूला पाहिलं. संत्र्याची झाडं, ठिबकच्या नळ्या, उभा ट्रॅक्टर. "आता गावात ढोरं कोनाजवळ राह्यले?" तो म्हणाला. "आन् मेलं एखांदं त जेसीबीनं पुरून टाकते."

ऊन तापलं. पक्षी दोन-तीन पावलं धावला, जड पंख मारत उठला, आणि मग हवा लागताच पंख न हलवता गोल गोल चढू लागला. पोरांनी मोबाइल वर धरले. तो डोंगराच्या दिशेने लहान होत गेला आणि दिसेनासा झाला. पोरं पांगली. वनरक्षकाने गाडी सुरू केली.

शब्बीरभाई कपाळावर हात धरून डोंगराकडे पाहत उभे होते.

"गेलं, शब्बीरभाई," मी म्हणालो. "चला."

"थांबा," ते म्हणाले. "मले अजून दिसून राह्यलं."

मी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि ते पाहत होते तिकडे पाहत त्यांच्या शेजारी उभा राहिलो.